भोंगे खाली, बॉक्स वर

माझ्या बापाला आवाज उतरवता यायचा. लाऊडस्पीकर लावणारे राळेगावकडे पुष्कळ होते. बटन दाबलं की आवाज येतो, त्याला काही अक्कल लागत नाही. पण चालू गाण्याचा आवाज असा खाली न्यायचा की नाचणाऱ्याचा पाय चुकू नये, आणि कधी खाली गेला हे कोणाला सांगता येऊ नये, हे आमच्या नामदेवलाच जमतं, असं लोक म्हणायचे. लग्न, बारसं, तेरवी, जयंती, नवरात्र, निवडणुकीची सभा, सगळीकडे आमचीच बंडी, म्हणजे बैलगाडी, जायची. ज्यांच्या घरी आम्हाला पाणी वरून ओतून मिळायचं, त्यांच्याही मांडवात आमचेच भोंगे वाजायचे. भोंग्याला जात नसते, असं बाबा म्हणायचा. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत भोंगे एकात एक घालून ठेवलेले, खुंट्यांना वायरींची वेटोळी, कोपऱ्यात बॅटऱ्या. मागे चूल. त्या चुलीत एका बाजूने वायर झाळायची सळई तापत असायची आणि वर तव्यावर भाकर. झाळताना लावायच्या राळेचा धूर सगळ्या घरात भरायचा आणि अंबाडीच्या भाजीतही उतरायचा. कोणी ना कोणी सतत "हालो, हालो, माइक टेस्टिंग" करत असायचं, म्हणून आम्ही सगळे एकमेकांशी ओरडूनच बोलायचो. कॉलेजात पहिल्यांदा गेले तेव्हा वर्गातल्या पोरी म्हणाल्या, ही भांडून राह्यली का बोलून राह्यली? आज मी यवतमाळात गॅसवर अंबाडी करते, ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणाचं तेल ओतून. सगळं बरोबर असतं, आणि तरी ती भाजी मला अर्धीच लागते.

बाहेर इतका हलका हात असलेला हा माणूस घरात मात्र वेगळाच होता. त्याच्या रागाला मधलं काही नव्हतं. आत्ता खाली मान घालून भाकर मोडत असायचा आणि पुढच्या घासाला ताट भिंतीवर. मायचा डावा कान त्याच्याच झापडीने बसला होता. प्रकाशदादाला तो वायरीने मारायचा. शीलाताई सगळ्यांत मोठी, तिने एक युक्ती काढली होती: बाबाचा आवाज चढला की ती मुद्दाम भोंगे घासायला घ्यायची. भोंग्याला पोचा पडेल म्हणून तो तिच्या अंगावर जायचा नाही. आम्हा लेकरांपेक्षा भोंगे नाजूक होते. मी हे रडगाणं म्हणून सांगत नाही. होतं तसं सांगते.

मग मिक्सर आला. नागपूरचा एक ऑर्केस्ट्रा आपसात मारामारी होऊन मोडला होता, त्यांच्याकडून बाबाने मिक्सर आणला. लाकडी पेटीत बसवलेला डबा आणि त्यावर खाली-वर सरकणाऱ्या चार पट्ट्या. पहिली गाण्याची, म्हणजे कॅसेटची. दुसरी माइकची. तिसरी भोंग्यांची आणि चौथी बॉक्सची, म्हणजे पेटीतल्या मोठ्या स्पीकरची. पहिल्या दोन पट्ट्यांनी आत काय येतं ते ठरायचं, शेवटच्या दोन पट्ट्यांनी ते कुठून किती बाहेर जातं ते. दादाने तो शिकायचा, असं ठरलं होतं. पण दादाचं बोट जड. पट्टी धरली की तो एकदम खाली ओढायचा, गाणं खड्ड्यात पडल्यासारखं व्हायचं, आणि वायर सुरू. मी बाजूला बसून बघायचे. एक दिवस बाबाने दादाला उठवलं आणि मला म्हणाला, "तू बस."

शिकवायची त्याची पद्धत अशी. मायला चुलीपुढे आमच्याकडे पाठ करून बसवायचं, चांगला कान बॉक्सकडे. ती तांदूळ निवडायची. मी गाण्याचा आवाज हळूहळू खाली आणायचा. आवाज बदलला असं मायला जाणवलं, की तिने हात वर करायचा. मायचा हात वर गेला, की माझ्या पाठीत एक बसायची. पहिले काही दिवस मायने हात वर केलाच नाही. मी अगदी धसमुसळेपणाने पट्टी ओढली तरी ती आपली खडे वेचतेय. बाबाला कळायला वेळ लागला नाही. त्याने मला काही केलं नाही. उठून गेला आणि मायला मारलं. सूप उडालं, तांदूळ राखेत गेले. माय एवढंच म्हणाली, "पोरीचं बोट चांगलं हाय जी. मले खरंच नाही समजलं."

त्यानंतर मी जीव तोडून शिकले. मायला खोटं बोलायची गरज पडू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मला समजलं ते असं: पट्टीच्या वरच्या अर्ध्या भागात बोटभर सरकवलं तरी कानाला फार फरक पडत नाही. खालच्या शेवटच्या बोटभर जागेत मात्र सगळा आवाज निघून जातो. म्हणून वर सैल हाताने यायचं आणि खाली आलं की श्वास धरून. ढोलाचा ठोका पडताना पट्टी हलवायची नाही, कारण कान तेव्हाच जागा असतो. गाणारा ओळ संपवून दम घेतो, तिथे थोडं सरकायचं. पुढच्या ओळीला थांबायचं. पुन्हा दम, पुन्हा थोडं. आणि माणूस माइकवर बोलणार असला तर आधी गाणं बसवायचं, मग माणूस उभा करायचा. दोघांना एकत्र उभं ठेवलं तर दोघंही ऐकू येत नाहीत.

माझा नातू मोबाईलवर व्हिडिओ करतो. परवा म्हणाला, आजी, फेड करायला बघ किती सोपं, ही रेघ तिरपी ओढायची. ओढून दाखवली. मी म्हटलं, बाळा, सरळ तिरपी नको ओढू, शेवटी पोटाशी थोडी वाकव, नाहीतर खाली आल्यावर आपटतं. त्याने वाकवली, ऐकलं, माझ्याकडे बघितलं. "आजी, तुला कोणी शिकवलं?" मी म्हटलं, तुझ्या पणजीच्या पाठीने.

आता हे कौशल्य बाबाला इतकं कशाला लागायचं, ते सांगते. आमच्या वस्तीतून गावात यायचं, तर मारुतीच्या देवळासमोरून, पाटलाच्या ओट्याखालून यावं लागायचं. दुसरी वाट नव्हती. आमची वरात असो की जयंतीची मिरवणूक, तिथे वाजवणं बंद करायचं, असा रिवाज. कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ. त्यांच्या वराती आमच्या विहारापुढून वाजत-गाजत जायच्या. मी लहान असताना बाबाने एकदा तिथे बटन बंद केलं होतं. टक् झालं, नाचणारी पोरं थांबली, त्यांनी वर बघितलं आणि त्यांना ओटा दिसला. त्या दिवशी दगड चालले. त्यानंतर बाबाने ही युक्ती शोधली. भोंगे बंडीच्या पुढे बांधलेले, त्यांचा आवाज गावभर जायचा. बॉक्स मागे तोंड करून, कारण नाचणारे बंडीच्या मागे. ओटा जवळ आला, की तो भोंगे खाली आणायचा आणि त्याच वेळी, तेवढाच, बॉक्स वर न्यायचा. ओट्यावरच्यांना वाटायचं, बंद केलं. नाचणाऱ्यांना वाटायचं, चालूच आहे. ओटा ओलांडला की उलट.

मला हा बाबाचा मोठेपणा वाटायचा. दादाला नाही. आमचं नमणं आमच्याच पोरांना दिसू नये, त्यासाठी ही सगळी कारागिरी आहे, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

शीलाताईचं लग्न ठरलं कळंबच्या पोराशी. मिलिंद नाव, डाकघरात नोकरी, बोलायला गोड. मांडव आमच्या दारात. वऱ्हाड उतरलं गावाच्या दुसऱ्या टोकाला, शाळेत. म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, आमच्याकडे तिला परण्या म्हणतात, ओट्याखालूनच येणार. बाबा नवरीचा बाप. त्याला मांडवात उभं राहणं भाग. तेव्हा बंडीवर मी.

त्या सकाळी मांडवात आलू-वांग्याची भाजी रटरटत होती, बुंदीच्या कढईभोवती लेकरं. बाबा मला म्हणाला, "सुनंदे, देवळाजवळचा लिंब आला का भोंगे उतरवाले घेजो. बॉक्स चढवजो. घाई करू नोको."

"हाव, बाबा."

दादा बॉक्सला दोर बांधत होता. म्हणाला, "काहून उतरवाचे? ताईचं लगन हाय. पाटलाच्या पोराच्या लग्नात आपणच वाजवलं ना? तेव्हा विहारापुढं उतरवलं का तुमी?"

"तुले समजत नाही."

"मले सारं समजते. तुमाले जमते म्हून तुमी करता. जमत नसतं, तं कधीचंच भांडण होऊन मोकळे झालो असतो."

बाबाने हातातली वायर उगारली. दादा हसला. "मारा ना. पाहुण्याइले बी पाहू द्या. का घरातला आवाज उतरवून मारता आज?"

बाबाने वायर टाकली आणि निघून गेला. दादाने बॉक्स एकट्याने उचलून बंडीवर चढवला. लग्नाचं म्हणून मायने बॉक्सला आपल्या जुन्या जांभळ्या लुगड्याचा अभ्रा शिवला होता, चारही बाजूंनी झाकणारा.

दुपारचं ऊन चढलं होतं. नवरदेव घोड्यावर, पुढे आमची बंडी, मध्ये कळंबची पोरं घामाने निथळत नाचताहेत. लिंब आला. मी वाट बघितली, गाणाऱ्याने दम घेतला, भोंगे थोडे खाली, बॉक्स थोडा वर. पुढची ओळ. पुन्हा दम. हात चांगला चालला होता. पण मागून आवाज पातळ येत होता. नाचणारे माझ्याकडे बघून हात हलवायला लागले, "ओ ताई, वाढवा!" मला वाटलं, बॉक्स कमी पडतोय. मी आणखी चढवला.

ओट्यावर म्हातारे पाटील सुपारी कातरत बसले होते. त्यांनी अडकित्ता ठेवला आणि दोन्ही कानांवर हात ठेवले. तेव्हा माझं अभ्र्याकडे लक्ष गेलं. जांभळं कापड मागच्या बाजूने निवांत लोंबत होतं. ओट्याकडच्या बाजूने ते थरथरत होतं. दादाने बॉक्सचं तोंड फिरवलं होतं. बाबाची युक्ती मी जितकी नीट करत होते, तितकं गाणं पाटलाच्या तोंडावर जाऊन आदळत होतं. मी दादाकडे बघितलं. तो नाचत नव्हता. माझ्याकडेच बघत होता.

बॉक्स खाली ओढायला वेळ होता. माझं बोट पट्टीवर गेलंही, पण मी ती ओढली नाही. पाटलाचा पोरगा बंडू ओट्यावरून उडी मारून आला, "कानात वाजवता काय बे आमच्या?" आणि त्याने मिलिंदचा पाय धरून त्याला घोड्यावरून खाली ओढलं. मिलिंदचं डोकं ओट्याच्या दगडी कडेवर आपटलं. बाशिंग फुटलं, मग कपाळ. बंडूमागे सात-आठ जण धावून आले. आमच्याच बंडीच्या बाजूच्या लाकडी उभाऱ्या उपटल्या आणि आमच्याच माणसांवर चालवल्या. दादाच्या गुडघ्यावर उभारी बसली तो आवाज गाण्यातूनही मला ऐकू आला. तो खाली पडला, तरी मारतच होते. कळंबच्या एका म्हाताऱ्याचे दात पडले. मिलिंदची आई लेकाच्या अंगावर पालथी पडली, तर तिला केसांनी धरून ओढलं. घोडा बिथरून लाथा झाडत होता, कोणाच्या छातीत बसली कळलं नाही. आणि एवढं होत असताना गाणं चालू होतं, लग्नाचं, हसरं, आणि मारणारे त्याच्या ठेक्यात मारताहेत असं दिसत होतं. ते मला सहन झालं नाही.

मी गाणं बसवलं. एकदम नाही, शिकवलं तसंच, वरून सैल आणि खाली धरून. मग माइकची पट्टी वर. मग भोंगे, पूर्ण. गावभर, शेतांपर्यंत, एस.टी.च्या थांब्यापर्यंत ज्यांचा आवाज जायचा ते भोंगे. आणि मी बोलायला लागले.

"बंडू गोविंदराव पाटील नवरदेवाले मारून राह्यला. उभारीनं मारून राह्यला. मी सुनंदा नामदेव सांगून राह्यली, मले दिसून राह्यलं. विठ्ठल किसन बाईचे केस धरून ओढून राह्यला. विठ्ठल किसन, थे तुह्या मायच्या वयाची बाई हाय."

दिसेल त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आणि तो काय करतोय ते. गाव लहान. सगळ्यांची नावं मला ठाऊक होती. गर्दीत मारताना माणसाला वाटतं, आपण गर्दी आहोत. नाव भोंग्यातून ऐकलं, की तो एकटा पडतो. विठ्ठलने केस सोडले. माझ्या वर्गातला सुरेश उभारी उगारून तसाच वर बघत राहिला आणि ओरडला, "ए सुनंदे, माह्यं नाव नोको घेऊ!"

"सुरेश बाळाजी हातात उभारी घेऊन म्हणून राह्यला, नाव नोको घेऊ."

त्याने ती टाकली. आजही सुरेश बाजारात दिसला की रस्ता बदलतो.

बंडू बंडीवर चढला. मला वाटलं माइक हिसकेल. त्याने मिक्सरच्या पेटीचं झाकण धरलं आणि पट्ट्यांवर असलेल्या माझ्या उजव्या हातावर आपटलं. पुन्हा आपटलं. दोन बोटं गेली, हे मला दुखण्याआधी दिसलं. मी डाव्या हातातल्या माइकमध्ये सांगितलं, "बंडू गोविंदराव पाटील माह्या हातावर झाकण मारून राह्यला." तेवढ्यात कोणीतरी त्याला मागून खाली ओढलं. तो बाबा होता. मांडवातून पळत आलेला, डोक्याचा फेटा गेलेला, कानावरून रक्त. तो चाकावरून वर आला. मला वाटलं, माझा हात बघेल. त्याचा हात सरळ भोंग्यांच्या पट्टीवर गेला आणि तो आवाज खाली आणायला लागला. अशा वेळीही किती सुंदर आणत होता. "बस कर, पोरी," तो म्हणाला. "बस कर. होऊन गेलं."

मी माइक त्याच्या हातावर मारला. जोरात. हाडावर बसला, आणि भोंग्यांतून गावभर धाड असा आवाज गेला. माझ्या आयुष्यात मी बापावर हात उचलला तो एकदाच, आणि मला त्याचा पस्तावा नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मी झापडीची वाट बघत होते, मान आपोआप आत गेली होती. झापड आली नाही. तो हात चोळत खाली उतरला आणि चाकाला पाठ लावून, त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिला. मी पट्टी पुन्हा वर नेली.

वस्तीतल्या बाया मुसळं घेऊन आल्या, थांब्यावरची माणसं आली, रानातून माणसं आली. ओट्यावरचे आत गेले आणि दार लावून घेतलं. मिलिंदला उचलून मांडवात आणलं. कोणीतरी म्हणालं, आज राहू द्या, पुढची तारीख पाहू. शीलाताई हळदीच्या हातांनी त्याच्या कपाळाला पट्टी बांधत होती. म्हणाली, "कायले? रगत वाळाची वाट पाहू का? बुद्धवंदना सुरू करा." लग्न लागलं. निम्म्या पाहुण्यांच्या डोक्याला फडकी होती. दादा बाजेवर पडून होता. तो गुडघा कधी सरळ झाला नाही. आज दादा चंद्रपूरला असतो, फोनवर म्हणतो, "बॉक्स म्या फिरवला, पण वाजवला तुनं, सुनंदे."

संध्याकाळी ठाण्यात गेलो. मिलिंदकडचे दोघे, बाबा आणि मी, हाताला ओलं फडकं गुंडाळून. हवालदार बाबाला ओळखत होता, त्याच्या मुलाच्या बारशाला आमचे भोंगे होते. खुर्ची दिली, चहा सांगितला. म्हणाला, "नामदेवभाऊ, तुमच्याबी पोरानं बॉक्स फिरवला म्हणतात. गावात राहाचं हाय. समजुतीनं घ्या."

मी बाबाकडे बघितलं. अशा वेळी काय म्हणायचं ते त्याला तोंडपाठ होतं. त्याने चहाचा कप उचलला, आणि न पिता बाजूला ठेवला.

म्हणून मी सांगायला लागले. बंडू गोविंदराव पाटील. विठ्ठल किसन. कोणी कोणाला कशाने मारलं. भोंग्यातून सांगितलं होतं त्याच क्रमाने, त्याच आवाजात. शेजारच्या खोलीतले शिपाई दारात येऊन उभे राहिले.

"हळू बोल, पोरी," हवालदार म्हणाला. "मी का बहिरा हाय?"

मी आवाज कमी केला नाही. हवालदाराने पेन तसाच धरून बाबाकडे बघितलं. बाबा म्हणाला, "लिवा साहेब. थे सांगून राह्यली, तसंच लिवा."